सरकारी टिपण

सभेत कोण काय बोलतं ते टिपून घ्यायचं आणि कोर्टात वाचून दाखवायचं, ही त्या सरकारी कारकुनाची अकरा वर्षांची नोकरी. आजही राजद्रोहाच्या खटल्यात त्याने म्हाताऱ्या मास्तरांचं भाषण शब्दन् शब्द वाचलं. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच वाचलं, "साहेब, आता आपलं चंबूगवाळं आवरा!"

मास्तर चमकले.

"हे सगळं तुझंच?" गोऱ्या न्यायाधीशाने मास्तरांना विचारलं.

"माझंच," मास्तर ठामपणे म्हणाले.

"नाही साहेब." कारकुनाने वही मिटली. "शेवटचं वाक्य माझं आहे."

आरोपीच्या पिंजऱ्यात जरा सरकून मास्तरांनी एका माणसापुरती जागा केली.