पहिला फेरा

"तीनशे दहा." अफ्रीननं काट्यावरचं हँडल उचललं आणि दुसरं ठेवलं. "एकशे नव्वद. हेच बसवा."

"लई बारीक हाय बेटा," रशीद मिस्त्री म्हणाले. "हातात काडी धरल्यावानी वाटंल."

"काडी तर काडी. जल्दी करा, अब्बा."

अंबडच्या बसस्टँडमागं रशीद मिस्त्रींचं सायकलींचं दुकान. काटा शेजारच्या बद्रीनाथच्या किराण्यातून आणलेला, ताटलीला अजून धन्याचा वास. सकाळपासून अफ्रीन बाईसाहेबांनी त्यावर काय म्हणून तोलायचं ठेवलं नव्हतं! दोन सीटा, तीन जोड टायर, पेडलं, चेन. शेवटी शेवटी तर बोल्टसुद्धा. मधोमध स्टँडला कार्बनची काळी फ्रेम टांगलेली होती, वजन सव्वा किलोच्या आत. पुढं शॉकअप, मागं काहीच नाही, अशी डोंगरातल्या शर्यतीची सायकल. सगळी मिळून दहा किलोच्या आत बसवायची, हे अफ्रीनच्या डोक्यानं घेतलं होतं.

उद्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. गट तेवीसच्या आतल्या मुलींचा. पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नव्हती.

टायरवरून दोघांचं थोडं वाजलंच. "ह्यो पातळ टायर बाभळीच्या काट्यापुढं टिकायचा न्हाई," रशीद म्हणाले.

"सव्वाशे ग्राम वाचून राह्यले ना!"

"ग्राम वाचवून राह्यली का मला येडं करून राह्यली?" असं म्हणत म्हणत त्यांनी पातळच टायर चढवला. लेकीपुढं त्यांचं कधी चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर चालावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

अफ्रीनला मात्र हसू येत नव्हतं. एका जागी बसवत नव्हतं तिला. पाना उचलायची, ठेवायची, दारापर्यंत जायची, परत यायची. नजर सारखी एकाच जागी. सीटखाली जिथं दोन नळ्या जुळतात, तिथं पिवळं स्टिकर होतं, 'रशीद सायकल मार्ट, अंबड'. मंगळवारी तिनंच लावलेलं. अब्बांनी ते पाहिलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता. तेव्हापासून आल्यागेल्याला दाखवत होते, "पाहा, पोरीनं बापाचं नाव लावलं!"

स्टिकरखाली तडा होता. सोमवारी ओढ्यातल्या दगडावर सायकल आपटली तेव्हा पडलेला. केसाएवढा बारीक, तीन बोटं लांब. दुसरी फ्रेम मिळायला महिना लागला असता. टिकेल, दीड तासाचाच तर प्रश्न आहे, असं ती पाच दिवस स्वतःला समजावत होती.

तेवढ्यात धर्मराज गवंडी आपली दुरुस्त झालेली सायकल न्यायला आले. रशीद आधी स्वतः तिच्यावर बसले, उतारावरून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले, मग सायकल त्यांच्या हातात दिली. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता हा. या दुकानातली सायकल पहिल्यांदा मिस्त्रीच्या वजनाखाली जायची, मग गिऱ्हाइकाच्या.

परत येऊन त्यांनी अफ्रीनच्या सायकलचे शेवटचे बोल्ट आवळले आणि खिशातून पाचाचं जाड नाणं काढलं. "मोबाइलात पाहिलं मी. कार्बन असं वाजवून पाहतेत. जिथं आवाज बसला, तिथं खराबी."

टक्, टक्, टक्. नाणं पुढच्या नळीवरून वर सरकत गेलं. टक्, टक्. नाणं स्टिकरपाशी आलं आणि थांबलं.

"आता सोताच्याच नावावर काय मारू?" रशीद हसले आणि तेवढी जागा सोडून पुढं गेले. "बराबर हाय. बिलकुल पक्की."

अफ्रीननं सुस्कारा सोडला. कागदावर बेरीज केली. नऊ किलो सातशे ऐंशी. जमलं होतं! डोळे मिटून ती क्षणभर भिंतीला टेकली.

डोळे उघडले तर स्टँड रिकामा. रशीद बाहेर रस्त्यावर, एक पाय पलीकडं टाकून सायकलवर बसलेले.

"अब्बा, कुठं?"

"फेरा मारून आणतो."

"आपली सायकल हाय ती! गिऱ्हाइकाची थोडीच!"

"मंग? आपल्याच पोरीला बिनफेऱ्याची देऊ?" आणि त्यांनी पेडल मारलं.

सगळं तोललं होतं तिनं, हेच तेवढं ध्यानात आलं नव्हतं. ब्याऐंशी किलोचा तिचा बाप त्या तड्यावर बसून उताराला लागला होता, आणि समोरून उसाची ट्रॉली येत होती.

"उतरा! अब्बा, उतरा! उतरा म्हन्ते ना!"

ती अशी किंचाळली की बद्रीनाथ किराण्यातून बाहेर आला. अर्ध्या उतारावर रशीद मिस्त्रींनी ब्रेक दाबला, पाय टेकला. अफ्रीन अनवाणीच धावत गेली आणि तिनं हँडल दोन्ही हातांनी धरलं. मग नखानं स्टिकर खरवडलं. बापाचं अर्धं नाव निघून आलं आणि खालची रेघ दिसली.

रशीद खाली उतरले. नाणं काढून त्या रेघेवर मारलं. ठप. पुन्हा मारलं. ठप.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी बसलो तं वरडत आली," ते म्हणाले. "अन् उद्या तू बसली असती, तं वरडायला कोन व्हतं?"

मग त्यांनी सायकल एका हातानं उचलून खांद्यावर घेतली. तेवढी हलकी ती होतीच. पण दुकानापर्यंतच्या चढाला ते दोनदा थांबले.