उत्तरेची बाजू

"आत्या, ऊठ. घंटा केव्हाच झाली," रॅनल्ड म्हणाला.

ग्रिझेल आत्या ढिम्म हलली नाही. किनबर्नी या त्यांच्या जुन्या घराच्या बागेत, दगडी सूर्यघड्याळाच्या उत्तर बाजूला खुर्ची टाकून ती बसली होती. आठ वाजता जेवणाची घंटा झाल्यावर त्या घरचं माणूस बागेत दिसणं म्हणजे अघटितच! घंटा झाली की पडदे ओढायचे आणि टेबलाशी बसायचं. पोरं तर त्याआधीच अंथरुणात. पण उद्या सकाळी गवंडी येणार होते. घड्याळ कलायला लागलं होतं, म्हणून ते भिंतीला टेकवून चुन्यात पक्कं करायचं रॅनल्डने ठरवलं होतं. उत्तरेची बाजू भिंतीत जाणार होती.

"हीच बाजू का?" आत्याने विचारलं.

"मग कुठली? हिच्यावर ऊन पडतंच कधी? पाथरवट प्यायलेला होता म्हणून इथेही आकडे कोरून बसला, असं बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे."

"सांगायचे खरे. पण बघ तरी नीट! प्यायलेल्याचा हात असा चालतो होय रे?"

खरंच, काय काम होतं ते! तीनशे वर्षांपूर्वीचा पुरुषभर उंच दगड. चहूबाजूंनी वाट्या, बदाम, तिरपे कोनाडे कोरलेले, आणि प्रत्येकात सावली पाडायला लोखंडी काटा. उत्तरेची बाजू तर सगळ्यांत नाजूक.

"मला उचलून न्यावं लागेल," आत्या म्हणाली.

"नेतो की," म्हणत रॅनल्ड खरोखरच वाकला. तेवढ्यात मावळतीचे ढग सरकले. इतक्या उत्तरेकडच्या त्या मुलखात जूनमधला सूर्य रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो आणि मावळताना पार उत्तरेकडे झुकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या दगडाशी त्याचा संबंध कुणी जोडलाच नव्हता. ऊन तिरपं येऊन त्या बाजूवर पडलं आणि काट्याची सावली सातच्या आकड्यावर उमटली.

रॅनल्डने मनगट पाहिलं. "माझ्यात तर आठ वाजून गेलेत."

"ते सरकारचे आठ. दर उन्हाळ्यात सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे करतं, हे दगडाला कोण सांगणार?"

तो हळूच म्हणाला, "म्हणजे त्या पाथरवटाचं बरोबर होतं. आणि रोज याच वेळी आपण आत जेवत होतो."

"पडदे ओढून," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"भिंत नको. जिथे आहे तिथेच सरळ करून घेतो."

"ते करशीलच. आधी त्या पाथरवटाची माफी माग."

रॅनल्ड कुणापुढे वाकणारा माणूस नव्हता. त्याने कोटाचं बटण लावलं आणि दगडापुढे मान लववली.

स्वयंपाकघराच्या दारातून स्वयंपाकीण इशबेल ओरडली, "साहेब, रोस्ट करपलं हो!"

"करपू दे," सावलीवरची नजर न काढता रॅनल्ड म्हणाला. "इथे अजून आठ वाजायचेत."