तळाशी गेलेला थेंब

"मंग माझं काढा," म्हणत आक्काबाईनं हात टेबलावर ठेवला. रक्तपेढीतल्या शैलजाताईंनी अजून तिचं नावही विचारलं नव्हतं.

आक्काबाईला धीर नव्हता. वर वॉर्डात तिची सून ममता पडून होती. आठवा महिना. मुळातच अंगात रक्त कमी, त्यात मलेरियानं तिला पिळून काढलं होतं. आता नुसतं कुशीवर वळलं तरी तिला धाप लागायची. रक्ताची एक पिशवी सकाळीच चढवली होती. दुसरी मिळाली नाही तर आईची आणि बाळाची, दोघांचीही खात्री नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पेढीतल्या पिशव्या संपत आल्या होत्या. घरच्या कुणीतरी रक्त द्यायचं, गट कोणताही चालेल. त्याच्या बदल्यात ममताच्या गटाची पिशवी मिळणार होती.

घरचं कुणीतरी म्हणजे खरं तर लखन. ममताचा नवरा, आक्काबाईचा एकुलता एक, अंगापिंडानं भक्कम. तो बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. त्याला तिथं बसवलं होतं आक्काबाईनंच. धुळ्याकडून नरोलीत येऊन चाळीतल्या एका खोलीत तिनं संसार उभा केला, तो एकाच नियमावर: कमावत्या गड्याच्या अंगाला धक्का लागता कामा नये. गड्याचं रक्त काढलं की त्याची कंबर बसते, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं, ते देव जाणे. म्हणून ती लखनऐवजी शेजारच्या खोलीतल्या प्रमिलाला आत घेऊन आली होती. पिशवी घेतल्याशिवाय वर जायचं नाही, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. आणि आक्काबाईचं ठरलं की ठरलं. चाळीचा मालकसुद्धा तिच्याशी वाद घालत नसे.

प्रमिला मात्र पहिल्याच प्रश्नाला बाद झाली. तिला मागच्याच महिन्यात मलेरिया झाला होता, आणि तसं रक्त चालत नाही. म्हणून आता आक्काबाईचा हात टेबलावर आला होता.

शैलजाताईंनी तिचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या औषधाच्या ग्लासात सोडला. थेंब जरासा खाली गेला, घुटमळला आणि वर येऊन तरंगायला लागला.

"तरला व माय!" आक्काबाई हरखली. "पाह्य प्रमिला, ह्या वयात!"

"मावशी, तो बुडायला हवा," शैलजाताई म्हणाल्या. "रक्त चांगलं असलं की थेंब तळाशी जातो. तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुमचं नाही घेता येणार. जेवता काय?"

"जे उरंल ते."

"आणि उरतं का?"

आक्काबाईला हसू आलं. असला प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "कधी उरतं, कधी नाई. माझ्यामागून ममता बसते, ते तिलाच विचारा," ती म्हणाली, आणि तिचं हसू तिथंच विरलं.

"बाहेर बसलाय तो मुलगा ना तुमचा? त्याला झाला होता का मलेरिया?"

"त्याला कसा व्हईल? तो मच्छरदाणीत झोपतो ना. सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं दिली, औषध लावलेली."

"त्याच्यासाठी दिली?" शैलजाताईंनी विचारलं.

मच्छरदाणी दिली होती ममतासाठी, ती पोटुशी म्हणून. पण खाट एक, खाटेवर लखन, म्हणून ती खाटेला बांधली. ममता खाली, सासूजवळ. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. ममतालाही नाही. आता मात्र आक्काबाईला ते दिसलं. उभ्या जन्मात तिला स्वतःचा इतका राग आला नव्हता. आणि राग आल्यावर हात बांधून बसणाऱ्यातली ती नव्हती.

ती तरातरा बाहेर गेली. "ऊठ," ती लखनला म्हणाली.

"आई, तूच बोलली ना, तू बस म्हणून? उद्या मशीनवर ड्यूटी आहे. चक्कर आली तर सुपरवायझर घरी पाठवेल."

"पाठवू दे. मी चुकले. आता ऊठ."

आईच्या तोंडून 'चुकले' हा शब्द लखन पहिल्यांदाच ऐकत होता. तो निमूट उठला.

त्याचा थेंब निळ्या औषधात पडला तो सरळ तळाला जाऊन बसला. वजन, रक्तदाब, सगळं चोख निघालं. "छान रक्त आहे हो तुमचं," शैलजाताई म्हणाल्या, तशी लखनची छाती फुगली. आडवं पडून, सुईकडे न बघता, त्यानं हात पुढे केला. पिशवी भरत आली तसा त्याला चांगलाच धीर चढला.

"आई, ममताला सांगशील ना," तो म्हणाला, "की नवऱ्यानं आपलं रक्त दिलं तुला?"

आक्काबाई त्याच्या उशाशी उभी होती. त्याच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला. माया काही अशी जात नाही. मग ती म्हणाली, "तुझं कुठलं रे? तिचंच होतं. आपण काढून घेतलं, ते आता तिच्याकडं परत चाललंय."