तीन दिवसांची कट्टी

"कट्टी! आता जन्मात बोलणार नाही," म्हणत नातीनं शेजारच्या ईश्वरीपुढे करंगळी नाचवली. सागरगोट्यांच्या डावात ईश्वरीनं खोटेपणा केला होता. मी चहाचा कप विसळून येईपर्यंत दोघी दोन बोटं जुळवून पुन्हा खेळायला बसल्याही.

"एवढ्यात बट्टी? चूक तर तिची होती ना?"

"हो. पण मग मी खेळू कुणाशी, आजोबा?"

लहानपणी मीही अशीच बट्टी करायचो. मोठेपणी विसरलो. गेल्या महिन्यात व्याह्यांसमोर मी बायकोच्या आमटीला खारट म्हणालो. ती दुखावली. तीन दिवस "पाणी तापलंय", "जेवण वाढलंय" असं भिंतीकडे बघून सांगत राहिली. मी फक्त "चुकलो" म्हणायला हवं होतं. पण आधी तिनं बोलावं, म्हणून मी अडून बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी "अहो, चहा" अशी हाक येईल म्हणून मी तिच्या बाजूला पाठ करून पडून राहिलो. स्वयंपाकघरात भांडं वाजेना. ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा कूस बदलली. ती शेजारीच होती. हात लावला. अंग गार पडलं होतं.