बिनविरोध

सकाळपासून तिसरं डोकं फुटलं. शाळामास्तर होता बिचारा. उमेदवारीचा अर्ज त्यानं छत्रीत गुंडाळून आणला होता. पोरांनी आधी छत्री मोडली, मग मनगटं, मग डोकं. अर्ज चिखलात गेला आणि मास्तर सायकलरिक्षात. ब्लॉक कचेरीच्या फाटकावरचे दोन पोलीस तेवढा वेळ नारळाच्या झाडाकडे बघत उभे होते. झाडाला नारळ नव्हते.

समोरच्या मिठाईच्या दुकानात बाकावर बसून भवतोष कयाल चहा पीत होता. पोरं त्याचीच. पंचायत समितीवर दोनदा बिनविरोध निवडून आलेला माणूस. आज तीन वाजेपर्यंत ब्लॉक कचेरीत दुसरा अर्ज गेला नाही, की तिसऱ्यांदा बिनविरोध. मग आमदारकीचं तिकीट. पक्षानं तसा शब्दच दिला होता.

"दादा, आता कोण येतंय मरायला?" मोंटू मंडल म्हणाला. मोंटू गेली पंधरा वर्षं त्याचा उजवा हात. "एक जलधर नस्कर काय तो उरला होता. त्याचे पाय आपण गुरुवारीच मोडले."

"आणि थान?"

"शुक्रवारी सकाळीच. मी स्वतः देऊन आलो, त्याच्या बायकोच्या हातात."

थान म्हणजे विधवेचं बिनकाठाचं पांढरं लुगडं. या भागात ते विरोधी उमेदवाराच्या बायकोला पाठवायचं, सोबत मिठाईचा पुडा. चिठ्ठी लागत नाही. नवरा हवा असेल तर त्याला घरात बसव, एवढं कुठल्याही बाईला कळतं. युक्ती मूळ भवतोषची, आणि तिचा त्या मेल्याला अभिमान होता.

दोनच्या सुमाराला पोरांचा गलका एकाएकी थांबला. शेफाली नस्कर, जलधरची बायको, रस्त्याच्या मधून चालत येत होती. अंगावर तेच थान. हातात सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या नाहीत, भांगात शेंदूर नाही. पोरांच्या लाठ्या आपोआप खाली झाल्या. एकानं तर तिला हात जोडले.

"मेला की काय जलधर?" मोंटूच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाय मोडा म्हटलं होतं मी. जीव घ्या म्हटलं होतं?" भवतोष दातओठ खात पुटपुटला. मग त्यानं पेला खाली ठेवला. विरोधक मेला तर मेला, अर्ज तर टळला. "जाऊ दे तिला आत. मृत्यूचा दाखला हवा असेल."

तो उठून रस्त्यात आला. चेहरा पाडायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

"वहिनी, फार वाईट झालं. काही लागलं तर हक्कानं सांगा."

ती थांबली. "तुम्ही पाठवलंत तेच नेसलेय, दादा," म्हणाली आणि फाटकातून आत गेली.

भवतोषला आई आठवली. बापाचा खून पडल्यावर त्यानं तिला असंच थान नेसवून हातगाडीवर उभी केली होती आणि अकरा गावं फिरवली होती. ग्रामपंचायतीची पहिली निवडणूक त्या थानानं जिंकून दिली. मारेकऱ्यांच्या गल्लीतसुद्धा तिच्यावर कुणी खडा टाकला नव्हता.

तीनला दहा कमी असताना मोंटूचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि फोन हातातच राहिला.

"दादा, जलधर जिवंत आहे. ओट्यावर बसून चुरमुरे खातोय."

"मग ही बाई..."

"नवरा जिवंत असताना भांग पुसून आली ही." मोंटूच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. "असं कुणी करतं का हो?"

इथली कुठलीही बाई स्वप्नातही असं करणार नाही. त्याच भरवशावर तर ती पांढरी लुगडी इतकी वर्षं घरोघर जात होती.

भवतोष धावला. शेफाली पायऱ्या उतरत होती. मुठीत शिक्का मारलेली पोच होती.

"नवऱ्याचा अर्ज भरलास?"

"त्याचे पाय मोडलेत. माझा भरला."

"फोडा तिला!" भवतोष ओरडला. कुणी हललं नाही. "अरे बघता काय? विधवा नाहीये ती! नवरा घरी बसून खातोय तिचा!"

तरी एकही लाठी वर गेली नाही. तेव्हा त्यानं मोंटूच्या हातातली लाठी हिसकावली. कित्येक वर्षांत स्वतःच्या हातानं कुणाला मारलं नव्हतं, पण हात विसरला नव्हता. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसरा डोक्याच्या मधोमध. शेफाली खाली बसली. पोच चिखलात पडली. रक्त भांगातून कपाळावर आणि कपाळावरून थानावर आलं.

तिनं धड असलेला हात डोक्याला लावला. लाल झालेलं बोट नीट बघितलं. फाटकाला धरून ती कशीबशी उभी राहिली.

"सकाळी शेंदूर पुसताना हात धजत नव्हता," ती म्हणाली. "बरं झालं. आता घरी त्याच्यापुढे रिकाम्या भांगानं जायला नको."

भवतोषला धाप लागली होती. त्यानं मोंटूकडे हात पसरला. "तो कागद आण इकडे."

मोंटूनं वाकून पोच उचलली. तिच्यावरचा चिखल स्वतःच्या लुंगीला पुसला, पुन्हा एकदा पुसला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचा कागद पडला होता."