डायलचा काटा

सन त्रेचाळीसचा उन्हाळा होता. सांगलीच्या एका लहानशा कारखान्यात केरबा टर्नर इंजिनाचा दांडा लेथवर अचूक मधोमध बसवत होता. त्यासाठी दांडा पकडायला त्याने चार जबड्यांचा जुना चक निवडला होता. त्याचा प्रत्येक जबडा चावीने वेगळा सरकवावा लागे आणि वेळ फार जाई. त्यावरून मिस्त्री लालासाहेब त्याला सकाळपासून सगळ्यांदेखत टाकून बोलत होता. आता बाकीचे जेवायला गेले, तरी त्याचं तोंड थांबलं नव्हतं.

"दोन तास झालं. जमत न्हाई, म्हणून सांग की!"

केरबाने दात आवळले. दांडा जराही मधोमध नसला तर दाखवणारा डायल त्याने दांड्याला टेकवला होता, आणि दांडा फिरवला की त्या डायलचा काटा थरथरत होता. त्याने पुन्हा जबडे जुळवले. काटा थरथरलाच. संतापून त्याने पट्टा उतरवला आणि लेथ थांबवला.

काटा हलतच राहिला, एका लयीत.

"पाय आपटू नगा!" केरबा ओरडला.

"मी हितं दारात उभा हाय रं," लालासाहेब हसला. तो हसला तशी काट्याची लय वाढली.

केरबाचं डोकंच फिरलं. त्याने चावी घातली आणि सगळा राग काढत चारही जबडे करकचून आवळले.

मागे धप्पकन आवाज झाला. लालासाहेब छाती धरून उंबऱ्यावर कोसळला होता.

"ढिला कर, केरबा," तो कसाबसा म्हणाला.

केरबाने चावी उलटी फिरवली. जबडा हलेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. काटा मंद होत चालला होता.