चार मिनिटांचं अंडं

बाबांना नाश्त्याला अंडं लागायचं ते मोजून चार मिनिटं उकडलेलं. आतला बलक पातळच हवा. जरा घट्ट झालं, की तोंडातून अवाक्षर न काढता ते एका बोटाने बशी पुढे सरकवत. आई मुकाट्याने दुसरं अंडं उकडायला टाकायची. अशी तीस वर्षं गेली.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, अंग लुळं पडलं. हलायचं ते नेमकं तेवढं एक बोट.

तीन महिन्यांनी लेक माहेरी आली, तेव्हा डॉक्टर आईचं तोंडभरून कौतुक करत होते. "बोटात काय जोर आणलात हो वहिनी! असाच व्यायाम चालू ठेवा."

लेकीला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला बळेबळे खुर्चीत बसवलं आणि स्वतः ओट्याशी उभी राहिली. घड्याळाकडे बघत चार मिनिटं मोजली आणि गॅस बंद करायला गेली, तर आईने उठून तिचा हात धरला.

"राहू दे अजून दहा मिनिटं."

"अगं, दगड होईल त्याचा! बाबा बशी सरकवतील."

"सरकवू देत की," आई शांतपणे म्हणाली. "रोज सरकवतात. मी तीच बशी परत पुढ्यात ठेवते, ते परत सरकवतात. दमले, की मग तेच भरवते."